टीप चोवीस-अ

शेषराव खिल्लारे घराला कुलूप लावून निघाले की गल्लीच्या टोकापासून एकदा परत यायचे. कुलूप हातानं ओढून बघायचे आणि मगच कोर्टाची वाट धरायचे. ते कुलूप आजवर एकदाही उघडं सापडलं नव्हतं, पण त्यानं त्यांचं समाधान होत नसे. इतके दिवस नीट लागलं म्हणजे आज नक्की राहिलं असणार, असं त्यांना वाटे. त्यांची बायको जनकाबाई सकाळी त्यांच्याआधीच कामाला बाहेर पडायची. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "कुलूप सोडा, ह्यायला सोताच्या सावलीवर इश्वास न्हाई. मागं आली का म्हनून वळून बघतेत."

गाव त्यांचं हट्टा. टायपिंगची परीक्षा पास होऊन ते तरुणपणीच हिंगोलीला आले आणि कोर्टाच्या आवारात एका कडुलिंबाखाली टेबल टाकून बसले. टेबलावर मराठी मशीन, शेजारी कार्बनचा डबा आणि वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला नदीतला गोल गोटा. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, तक्रारी, अर्ज. केस पांढरे झाले तरी बैठक तीच होती. कोर्टाच्या पायऱ्या मात्र ते कधी चढले नव्हते. आत चालतं ते मोठ्या माणसांचं काम, आपण बाहेरचे, अशी त्यांची समजूत होती आणि ती त्यांना सोयीचीही होती.

त्यांची आणखी एक खोड होती. कुठलंही काम टाइप करताना सगळ्यात खाली एक जादा कार्बन घालून ते एक पुसट प्रत स्वतःसाठी काढून ठेवायचे. गिऱ्हाईक कागद घेऊन गेलं की रविवारी घरी ती प्रत मोठ्यानं वाचायची. मोठ्यानं का, तर डोळे फसतात, कान फसत नाहीत, असं त्यांच्या टायपिंगच्या मास्तरांनी सांगितलं होतं.

"गेलेल्या एस्टीला हात दाखवून राहिले तुमी," जनकाबाई म्हणायची. "चूक घावली तरी आता काय करनार?"

"घावत न्हाई ना पण."

"मंग वाचता काहून?"

शेषराव पुढचं पान उलटायचे.

हिंगोलीचा नवा जिल्हा होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, तेव्हाची गोष्ट. थंडी पडायला लागली होती. एका सकाळी रामप्रसाद आडे नावाचा तरुण वकील कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या टेबलाशी आला. हा गोरेगावच्या बाजूच्या एका तांड्यावरचा. त्याचे वडील बाबूसिंग हे तांड्याचे नाईक, म्हणजे तांड्यात ज्यांचा शब्द चालतो असे. आदल्या दिवाळीत ते वारले होते. तांड्यातून काळा कोट घातलेला रामप्रसाद पहिलाच, आणि आता तो कायद्याच्या वरच्या परीक्षेला बसला होता. त्यासाठी प्रबंध लिहायचा होता. विषय तांड्यांच्या जमिनीचा, आणि विद्यापीठाची परवानगी काढून मराठीत.

"काका, साधं टायपिंग न्हाई हे," रामप्रसाद म्हणाला. "ह्यात टिपा आहेत."

"म्हणजे?"

रामप्रसादनं एक पान पुढं केलं. मजकुरात जागोजागी, ओळीच्या किंचित वर, बारका आकडा. पानाच्या तळाशी एक आडवी रेघ, आणि रेघेखाली त्याच आकड्यांसमोर बारीक ओळी: अमुक निकाल, अमुक पान; अमुक अहवाल, अमुक वर्ष; अमुक माणसाची मुलाखत, अमुक तारीख.

"आपन जे जे म्हणतो ते कोणाच्या भरवशावर म्हणतो, ते खाली सांगायचं," रामप्रसाद म्हणाला.

शेषरावांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "म्हणजे दर वाक्याचा साक्षीदार उभा करायचा?"

"उभा न्हाई काका, पानाखाली बसवायचा."

शेषरावांना ते आवडलं. प्रतिज्ञापत्रात माणूस एकदाच वर नाव सांगतो आणि मग चार पानं वाटेल ते बोलून घेतो. इथं तसं नव्हतं. इथं प्रत्येक बोलण्याला धनी होता. आपल्यासारख्या संशयी माणसानंच हे काढलं असणार, असं त्यांच्या मनात आलं.

"माझ्याकडं कोर्टाचा लांब कागद आहे," ते म्हणाले. "चालंल का तुमच्या सरांना?"

"एका बाजूनं आणि दोन ओळींत अंतर, एवढंच सांगितलंय. लांबच बरा, टिपांना जागा होईल."

काम सुरू झालं. आकडा ओळीच्या वर बसवायचा म्हणजे मशीनचा रूळ अर्धं घर फिरवायचा, आकडा मारायचा आणि रूळ परत जागेवर आणायचा. पानावर टिपा किती, त्यांना ओळी किती लागतील, हे आधी मोजून कागदाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक खूण करायची. मजकूर त्या खुणेशी थांबला पाहिजे. एक ओळ जास्त गेली की टीप पानाबाहेर, आणि अख्खं पान नव्यानं. इंग्रजी नावं आली की कागद काढून शेजारच्या टेबलावरच्या इंग्रजी मशीनमध्ये चढवायचा, कार्बनसकट, एक केसभरही न हलू देता. शेषराव पहिले काही दिवस घामाघूम झाले. मग हात बसला. दुपारी डबा खातानासुद्धा त्यांना पानाखाली रेघ दिसायला लागली.

एकच साक्षीदार लागोपाठ दोनदा आला तर दुसऱ्यांदा त्याचं नाव लिहायचं नाही, नुसतं 'तत्रैव' लिहायचं, हेही रामप्रसादनं सांगितलं. तत्रैव म्हणजे तिथंच. वरच्या टिपेत जो आहे तोच. शेषरावांना ह्यात नवल वाटलं नाही. पंचनाम्यात 'वरीलप्रमाणे' लिहून त्यांचं आयुष्य गेलं होतं.

प्रबंधाचा चौथा भाग रामप्रसादच्या स्वतःच्या तांड्याबद्दल होता. तांडा कित्येक वर्षांपासून एका गायरानावर शेती करत होता आणि ती जमीन नावावर करून मिळावी म्हणून त्यांचा अर्ज सेनगावच्या तहसीलमध्ये पडून होता. शेजारच्या गावातल्या काहींनी त्याला हरकत घेतली होती. सगळा वाद एका गोष्टीवर अडला होता. बहात्तरच्या दुष्काळात तांडा जमीन सोडून गेला होता का? एका जुन्या सरकारी अहवालात लिहिलं होतं की तांडा उठून गेला आणि जमीन चार वर्षं पडीक राहिली. बाबूसिंग नाईक म्हणत की माणसं खडी फोडायला गेली, पण काही घरं हलली नाहीत, नांगर एकाही वर्षी थांबला नाही. अहवाल खरा मानला तर कब्जा तुटला आणि अर्ज गेला. नाईकांचं बोलणं रामप्रसादनं त्यांच्या शेवटच्या आजारात खाटेशी बसून उतरवून घेतलं होतं. आता ते विचारायला नाईक नव्हते.

चौथा भाग टाइप होऊन मार्गदर्शक सरांकडे जाऊन आला. सरांनी एका पानाच्या कडेला लिहिलं होतं: 'अहवाल म्हणतो तांडा उठून गेला. नाईकांचं म्हणणं इथंच, लगेच द्या.'

"एकच वाक्य वाढवायचं," रामप्रसाद कानकोंडा होऊन म्हणाला. "पण एक टीप वाढली की पुढचे सगळे आकडे बदलणार. तेवढी सगळी पानं..."

शेषराव हसले. असे ते क्वचितच हसत. "वकीलसाहेब, कायद्यात नवं कलम घुसवलं तर पुढची सगळी कलमं बदलतेत का? बारा आणि तेराच्या मधात बारा-अ करतेत. आपन चोवीस-अ करू."

रामप्रसाद त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, तुमी वकील व्हायला पायजे होते."

शेषरावांचे कान लाल झाले. त्यांनी ते एक पान नव्यानं टाइप केलं. चोवीसच्या आणि पंचवीसच्या मध्ये चोवीस-अ अशी बसली की जणू जन्मापासून तिथंच होती. बाकी एकाही पानाला हात लावावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाला येताना ते कुलूप बघायला परत वळायचंसुद्धा विसरले होते, असं त्यांना मागाहून आठवलं.

प्रबंध बांधून विद्यापीठात गेला. रामप्रसाद निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "सोमवारी सेनगावला आमच्या अर्जाची सुनावणी आहे. चौथ्या भागाची झेरॉक्स अर्जाला जोडून राहिलो. बाबा नाहीत, पण त्यायचं बोलणं तरी साहेबांसमोर जाईल."

मधल्या रविवारी शेषराव ओट्यावर पुसट प्रत घेऊन बसले. जनकाबाई समोर हरभऱ्याची भाजी खुडत होती. शेषराव वाचत होते, आणि आकडा आला की थांबून खालची टीपही वाचत होते.

"दुष्काळात तांडा उठून गेला. टीप चोवीस, तालुका अहवाल. मात्र काही घरं हलली नाहीत, असं नाईक सांगतात. टीप चोवीस-अ, बाबूसिंग नाईक, मुलाखत. जमीन चार वर्षं पडीक होती. टीप पंचवीस, तत्रैव."

"तत्रैव कोन?" जनकाबाईनं विचारलं.

"कोणी न्हाई. तत्रैव म्हणजे वरच्यानंच सांगितलं."

"वरचा कोन?"

शेषरावांनी बोट एक ओळ वर नेलं. "बाबूसिंग..." आणि त्यांचं बोट त्या नावावरच थांबलं.

"म्हंजे तो नाईकच म्हनतो का, जमीन पडीक होती?" जनकाबाईचा हात भाजीत थांबला. "मंग भांडन कशाचं?"

पंचवीसचं 'तत्रैव' आधीपासूनच तिथं होतं, पण तेव्हा वर चोवीस होती, अहवालाची. मध्ये चोवीस-अ येऊन बसली आणि तत्रैवचा धनी बदलला. आकडे सगळे जागच्या जागी राहिले होते. म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्या हुशारीवर कान लाल झाले होते त्याच हुशारीनं एका मेलेल्या माणसाच्या तोंडून त्याच्याच तांड्याविरुद्ध साक्ष वदवून घेतली होती.

ते तसेच उठून रामप्रसादच्या भाड्याच्या खोलीवर गेले. खोलीला कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, वकीलसाहेब तांड्यावर गेलेत, तिकडूनच सेनगावला जाणार. तांड्यावर फोन नव्हता.

घरी आल्यावर जनकाबाईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि टोमणा गिळला. "सकाळच्या पयल्या जीपनं जा," एवढंच म्हणाली. "मी भाकरी बांधून देते."

पहिली जीप भरल्याशिवाय निघणार नव्हती. शेषराव मागच्या फळकुटावर अर्धे टेकले. मांडीवर पिशवी, पिशवीत पुसट प्रत.

"चला की आता," ते दोनदा म्हणाले. त्यांच्या मानानं ही मोठीच दमदाटी होती.

"काका, आठ सीटा कमी हायेत," ड्रायव्हर म्हणाला. "तुमी अर्धे आत बसलात, अर्धे नशिबावर. तसेच आनखी लोक बसू द्या ना."

शेवटी जीप निघाली. रस्ता खराब. दर खड्ड्याला शेषरावांच्या डोक्यात तेच वाक्य आपटत होतं. वाटेत एका बाईनं शेळीचं करडू आत घेतलं आणि ते सगळ्या रस्ताभर शेषरावांच्या पिशवीचा कोपरा चघळत राहिलं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

सेनगावच्या तहसील कचेरीच्या आवारात तांड्यावरची माणसं बसली होती. पुढं एक म्हातारी, हातभर पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. ही भिकाबाई, बाबूसिंग नाईकांची बायको, रामप्रसादची आई. शेषरावांनी तिला पूर्वी एकदा कोर्टाच्या आवारात बघितलं होतं. त्यांनी विचारलं, "रामप्रसाद?"

"आत गेलाय भाऊ. आपलं नाव पुकारलं ना."

शेषराव दाराशी गेले. दारात शिपाई उभा होता. आत तहसीलदारांचं मोठं टेबल, एका बाजूला रामप्रसाद, दुसऱ्या बाजूला हरकतवाल्यांचे वकील. तहसीलदारांच्या हातात झेरॉक्सची पानं होती आणि ते ती उलटीसुलटी करून बघत होते.

"वकीलसाहेब," तहसीलदार रामप्रसादला म्हणाले, "मजकुरात चोवीस लिहिलंय, चोवीस-अ लिहिलंय, पंचवीस लिहिलंय. पण ते कुठंय? पानाखाली तर काहीच न्हाई. कोण म्हणतंय हे सगळं?"

रामप्रसाद पुढं झाला आणि त्यानं पान बघितलं. त्याचा चेहरा पडला. सेनगावच्या झेरॉक्सवाल्याकडे आखूड कागद होता. लांब कागदाचं पान त्यानं आखूड कागदावर मारलं होतं, आणि प्रत्येक पानाचा तळ, रेघेसकट, टिपांसकट, कापला गेला होता. सगळे साक्षीदार कागदाबाहेर.

दाराशी शेषरावांनी चौकटीला हात टेकला. टिपाच नाहीत! चोवीस-अ नाही आणि ते मेलं तत्रैवही नाही. गोरगरिबाच्या झेरॉक्सवाल्या, तुझं भलं होवो.

पण ते सुख पुरतं घशाखाली उतरलंही नव्हतं, तोवर रामप्रसाद म्हणाला, "साहेब, मूळ बांधलेली प्रत माझ्या बॅगेत आहे. आत्ताच दाखवतो." आणि तो बॅगेची चेन उघडायला लागला.

"दाखवा, दाखवा," हरकतवाल्यांचे वकील म्हणाले. "आमालाबी वाचायची आहे."

शेषरावांना आपला आवाज ऐकू आला. तो त्यांच्या इच्छेची वाट न बघताच निघाला होता.

"ती दाखवू नका, वकीलसाहेब! त्यात चूक आहे!"

सगळ्यांनी माना वळवल्या. शिपायानं त्यांचा दंड धरला.

"कोण तुमी?" तहसीलदारांनी विचारलं.

"टायपिस्ट, साहेब. हिंगोली कोर्टाभायेरचा."

"आता टायपिस्टबी युक्तिवाद करनार वाटतं," हरकतवाल्यांचे वकील म्हणाले, आणि कोणीतरी फिसकन हसलं.

"येऊ द्या त्यांना," तहसीलदार म्हणाले.

शेषराव आत गेले. पायांत चप्पल होती, ती बाहेर काढायला हवी होती का, हे त्यांना कळेना. त्यांनी पिशवीतून पुसट पान काढलं. त्याचा कोपरा ओला आणि चघळलेला होता. "साहेब, 'जमीन पडीक होती' हे अहवालाचं वाक्य आहे. मधात मी नवी टीप घातली आणि खालच्या टिपेत 'वरीलप्रमाणे' तसंच ठेवलं. त्यामुळं अहवालाचं बोलणं नाईकांच्या नावावर गेलं. नाईक असं म्हणाले न्हाईत. चूक माझी आहे, वकीलसाहेबांची न्हाई. मी दुरुस्त करून देतो."

त्यांनी पान तहसीलदारांच्या हातात दिलं.

"साहेब, दुरुस्तीच्या नावाखाली हे लोक काय काय बदलतील, काही सांगता येतं का?" हरकतवाले वकील उसळले.

तहसीलदारांनी पुसट पान खाली ठेवलं. "बदलून काय बदलणार? अहवाल आमच्याच दप्तरात आहे. कोणतं वाक्य त्यातलं आणि कोणतं न्हाई, ते आमी बघू. पण टिपा कापलेली प्रत मी घेणार न्हाई आणि चुकलेली तर न्हाईच न्हाई. नीट करून आणा." त्यांनी शिरस्तेदाराकडे बघितलं. "पुढची तारीख द्या."

तारीख पडली म्हणून कोणी आनंदला आहे, असं शेषरावांनी कडुलिंबाखाली बसून कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला की दाराबाहेर येताच ते पायरीवर मटकन बसले.

रामप्रसाद मागोमाग बाहेर आला. रागानं त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "काका, आत सगळ्यांसमोर..." आणि मग त्यानं बॅगेतली प्रत काढून ते पान उघडलं. पंचवीस वाचली. वर चोवीस-अ वाचली. प्रत मिटली. मग तो शेषरावांच्या शेजारी पायरीवर बसला.

"हे त्यायच्या हातात गेलं असतं तर..." तो म्हणाला.

"व्हय," शेषराव म्हणाले.

"आन् मी सोता उघडून देऊन राहिलो होतो."

भिकाबाई उठून जवळ आली. "काय झालं रामा? पाडलं का आपल्याला?"

"न्हाई याडी," रामप्रसाद म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात. "तारीख पडली."

शेषरावांना आता गप्प बसवेना. ते उठून उभे राहिले, टोपी हातात घेतली. "बाई, मी चुकलो. नाईकांच्या तोंडी मी भलतंच बोलणं घातलं होतं. जमीन पडीक होती म्हणून. खाली नाव न लिहिता नुसतं 'वरचाच' लिहिलं होतं; झेरॉक्सवाल्यानं कागद खालून कापला म्हणून वाचलो."

भिकाबाईनं ओढणी थोडी मागं सारली आणि त्यांना नीट न्याहाळलं. मग तिच्या बांगड्या खळखळल्या, ती हसत होती.

"भाऊ, जित्ता होता तवा त्याच्या तोंडात मला माझ्या हातचा घास घालता आला न्हाई, इतका हट्टी. तुमी बोलणं कसलं घालता? तो मेला तरी ऐकला न्हाई, बघा. कागदच कापून टाकला त्यानं खालून."

तांड्यावरची माणसं हसली. रामप्रसादही हसला. शेषराव हसावं की नाही ह्या विचारात होते, तोवर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"एक करा," भिकाबाई म्हणाली. "ते काय लिवता तुमी, वरचाच, वरचाच. ते लिवू नका. त्याचं नाव लिवा. सरकारी कागदात एक बार तरी नाव लागावं म्हनून जलमभर चपला झिजवल्या त्यानं. तुमी धा बार लिवा. लई तकलीफ होईल का?"

"न्हाई," शेषराव म्हणाले. "तकलीफ कसली."

रामप्रसादनं आवाराबाहेरच्या एस्टीडी बूथवरून सरांना फोन लावला. शेषराव काचेबाहेर उभे राहून त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि मग एकदम त्याचे खांदे खाली आले. बाहेर येऊन तो म्हणाला, "परीक्षकांकडं गेल्याच न्हाईत प्रती. सरांच्या टेबलावर पडून आहेत. कधी नव्हं ते विद्यापीठाच्या आळसाला दंडवत घालावा वाटून राहिला."

मग त्यांनी सगळ्यांनी मिळून जनकाबाईनं बांधलेल्या भाकरी खाल्ल्या. एका माणसासाठी बांधलेल्या त्या भाकरी किती जणांना पुरल्या हे शेषरावांना कळलंच नाही.

चौथा भाग त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा टाइप केला. चोवीस-अ काढून तिला पंचवीस केलं आणि पुढचे आकडे एकेक करून सरकवले. जिथं जिथं तत्रैव होतं तिथं तिथं पूर्ण नाव घातलं. टिपा लांबल्या, पेन्सिलीच्या खुणा वर सरकल्या, पानं वाढली. सरांनी बघून विचारलं म्हणे, "तत्रैव काढून टाकलं? रीत तशी आहे." रामप्रसादनं सगळी हकिकत सांगितली. सर म्हणाले, "रीत जागा वाचवायला असते. राहू द्या." पुढच्या तारखेला झेरॉक्स काढायला शेषराव स्वतः गेले आणि लांब कागदाची गड्डी बगलेत घेऊनच गेले.

जमीन तांड्याच्या नावावर लागायला त्यानंतरही बराच काळ गेला. तारखा पडल्या, साहेब बदलले, मोजणी झाली. एका टिपेनं काही जमीन मिळत नसते, हे शेषरावांनाही कळत होतं. पण हुकूम आला त्या दिवशी रामप्रसाद पेढे घेऊन कडुलिंबाखाली आला, आणि हुकमाचं एक पान त्यानं टेबलावर पसरलं. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, 'मयत बाबूसिंग नाईक यांच्या म्हणण्यानुसार'. शेषरावांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, मग वरची वाचली, मग खालची. बाबूसिंगांचं म्हणणं बाबूसिंगांकडेच होतं. मगच त्यांनी पेढा तोंडात टाकला.

पुढं काही वर्षांनी कडुलिंबाखालची मशीनं एकेक करून गेली. शेषरावांची मुलगी पल्लवी शिकून तयार झाली आणि तिनं कोर्टासमोर गाळा घेऊन कॉम्प्युटर टाकला. शेषराव दुपारचे तिथं जाऊन खुर्चीवर बसत, मदत म्हणून. खरं तर कोणाला मदत लागत नसे.

एकदा एका विद्यार्थिनीचा प्रबंध आला. पल्लवीनं एका ठिकाणी नवी टीप घातली आणि पुढचे सगळे आकडे आपोआप सरकले. शेषराव खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आले.

"सगळे?"

"सगळे, पप्पा. पेन्सिलीची खूण न्हाई, रूळ फिरवणं न्हाई. तुमच्या वेळी हे असतं तर तुमी सेनगावला धावलाच नसता."

शेषरावांनी चष्मा सारखा केला आणि नव्या टिपेच्या खालची ओळ वाचली. तिथं लिहिलं होतं, 'तत्रैव'.

"वरचा कोण?" त्यांनी विचारलं.

पल्लवीनं बघितलं. पुन्हा बघितलं. "अगं बाई," ती म्हणाली.

आकडे सरकले होते, पण तत्रैव जागचं हललं नव्हतं. इतकं महागाचं मशीन, सगळ्या जगाचं शहाणपण पोटात असलेलं, आणि त्यानंही नेमकी तीच चूक केली होती.

शेषराव खुर्चीवर जाऊन बसले. इतकी वर्षं ती चूक आपल्याच बावळटपणाची, असं धरून ते चालले होते. आता त्यांच्या तोंडावर हळूहळू एक निवांत हसू पसरलं, आणि ते पाहून पल्लवीनं विचारलं, "काहून हसून राहिले पप्पा?"

"काही न्हाई," ते म्हणाले. "तू नाव लिही. पूर्ण नाव लिही."

त्या संध्याकाळी गाळा बंद करून दोघं निघाली. पल्लवीनं कुलूप लावलं. रस्त्याच्या वळणापर्यंत आल्यावर ती सवयीनं थांबली, वडील परत जातील म्हणून. शेषराव मात्र हरभरेवाल्याची गाडी बघत पुढं निघून गेले होते.